माझ्या निळ्या नळीवरचं कुंकू

टक्. टक्.

तेलाच्या कुपीचा पत्र्याचा तळ अंगठ्याखाली दबला की असा आवाज होतो. धुण्याचं मशीन थांबलेलं, घर चिडीचूप, आणि त्या शांततेत हा आवाज. अनुया आधी फडक्यावर तेल सोडते, मगच माझ्या लोखंडी कपाटाला किल्ली लावते.

मित्रांनो, मी हरणांच्या शिकारीची एक जुनी रायफल. आयर्लंडमध्ये वॉटरफोर्डच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी राहते. माझी नळी निळी आहे. आकाशासारखी नव्हे, पिकलेल्या जांभळासारखी, काळ्यातून निळं डोकावणारी. हा रंग डब्यातून आलेला नाही. कारागिरांनी माझं पोलाद आम्लाने ओलं करून मुद्दाम गंजू दिलं, मग उकळत्या पाण्यात घातलं, ब्रशने घासलं, आणि पुन्हा गंजायला ठेवलं. असं कितीतरी वेळा. शेवटी गंजच शहाणा झाला आणि निळा होऊन अंगाला चिकटला. माणसाळलेल्या गंजाचं कातडं आहे माझं, आणि त्याचा मला फार अभिमान आहे. पण ते पातळ असतं. त्याला तेल लागतं, आणि तेल लावणारा हात लागतो.

पहिला हात डोनलचा. डोनल डोंगरावर मेंढ्या राखायचा. त्याचे गुडघे गेले तेव्हा तो मला विकायला निघाला. शेजारी अनुयाची रोपवाटिका होती. हिवाळा आला की हरणं कुंपण ओलांडून तिच्या कोवळ्या झाडांची साल सोलून खायची. तिने जाळ्या लावल्या. कुणी सांगितलं म्हणून झाडांना साबणाच्या वड्यासुद्धा टांगल्या. हरणांनी साबण ठेवला आणि झाडं खाल्ली. शेवटी ती नेमबाजी शिकली, परवाना काढला आणि डोनलच्या दारात उभी राहिली.

"एवढीशी बाई ती, तिला जमेल?" त्याच्या भावाने विचारलं.

"हरणाला कुठे माहीत आहे ती एवढीशी आहे!" डोनल म्हणाला.

तिला जमलं. आडव्या पावसात, गवतात पालथी पडून तिने बराच वेळ वाट पाहिली, आणि एकाच गोळीत हरीण जागीच कोसळलं. नंतर ती त्याच्या मानेवर हात ठेवून बसली. आमच्या कामात शाबासकी एकच असते, मित्रांनो: दुसरी गोळी लागू नये. अनुयाच्या हातात मला ती कधीच लागलेली नाही.

मग सांगलीहून शकुंतलाआजी आल्या. अनुयाच्या सासूबाई. दसऱ्याला त्यांनी घरातली हत्यारं पाटावर मांडली: छाटणीची कात्री, कुदळ, डॉक्टर मुलाचा, म्हणजे सिद्धांतचा, स्टेथोस्कोप.

"आणि ती गं?"

"आई, तिला राहू द्या. तिला पाणी चालत नाही."

"वर्षाचा सण, आणि तिला एकटीलाच कोंडून ठेवायची? आण बरं."

अनुयाने मी रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, काढला आणि मला आणलं. आजींनी पाणी शिंपडलं, हळदीकुंकवाची ओली बोटं माझ्या नळीवर ओढली, झेंडू वाहिला आणि हात जोडले. कौतुक मी खूप ऐकलं होतं, पण मला आजवर कुणी नमस्कार केला नव्हता. मी पाटावर ताठ पडून होते.

तेवढ्यात शाळेतून फोन आला. अनुयाच्या लेकीला, शर्वाणीला, ताप भरला होता. रायफल बाहेर ठेवून जायचं नसतं, म्हणून अनुयाने मला तशीच कपाटात घातली आणि पळाली. तापाच्या कांजिण्या निघाल्या. पोरीच्या अंगाला लोशन लावता लावता माझी आठवण कुणाला राहणार? मी अंधारात, ओल्या कुंकवासकट.

कपाट उघडलं तेव्हा कुंकवाखाली गंज आला होता. आजींनी ओढलेली बोटं जशीच्या तशी, पण आता तांबूस.

"स्टेनलेसची घे ना, अनु," सिद्धांत म्हणाला. "या देशात पाऊस थांबतो कधी? ड्यूटीवरून येतो तर तू हिला तेल चोळत असतेस. कधी नवऱ्याचेही पाय चोळ!"

"नवरा गंजत नाही."

"गंजलाय की! बघ जरा."

सगळे हसले. आजी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पदराने माझी नळी पुसत राहिल्या, जणू डाग निघेलच.

शनिवारी मला दुकानात नेलं. अनुयाबरोबर आजीही आल्या, साडीवर सिद्धांतचं जाडजूड जॅकेट घालून. दुकानदाराने माझ्या शेजारी एक नवी रायफल ठेवली. स्टेनलेसची नळी, रुपेरी, दस्ता प्लॅस्टिकचा. खोटं कशाला बोलू? नेम तिचाही माझ्याइतकाच सरळ. पावसाला ती माझ्यापेक्षा कितीतरी टिकणार. तिच्यासमोर मी डागाळलेली.

"ओली ठेवलीत, आठवडाभर विसरलात, तरी ग्रँड, काही होत नाही," दुकानदार म्हणाला. "बघायलासुद्धा नको."

"घे बाई हीच," आजी हळूच म्हणाल्या. "माझ्यासारखीचा हात लागला तरी बिघडायचं नाही."

अनुया थबकली. तिने त्या रुपेरी नळीवरून बोट फिरवलं, मग माझ्या डागावरून.

"आई, तुमच्या हातामुळे नाही झालं. मी न बघता कपाट लावलं म्हणून झालं," ती म्हणाली. "घरात लहान पोर आहे. बघायलासुद्धा नको असं हत्यार मला घरात नकोच. ही मला दर वेळी उघडायला लावते, रिकामी आहे ना ते बघायला लावते, पुसायला लावते. हीच राहू दे."

दुकानदाराने गंज उतरवला आणि विचारलं, सगळी नळी नव्याने निळी करून देऊ? अनुया नको म्हणाली. फिकट झालेल्या त्या बोटांवर तेल लावून ती मला घरी घेऊन आली. आजींनी सांगलीला परतण्याआधी आपली एक जुनी सुती साडी फाडून फडकी करून ठेवली.

मित्रांनो, रुपेरी रायफल वाईट नव्हती. ज्याच्या घराला जी योग्य, ती त्याने घ्यावी. मी एवढंच सांगेन, ज्या वस्तूने कुणाचा जीव जाऊ शकतो, तिला कधी विसरू नका. तिची निगा राखणं म्हणजे तिच्यावर नजर ठेवणं. माझ्या नळीवरचे डाग मी आता मिरवते. रोज बघितली जाणारी रायफल आहे मी.

काल अनुया मला पुसत होती. शर्वाणी शाळेतून आली आणि टेबलापलीकडे उभी राहिली. हात मागे, तिला शिकवलंय तसे. बराच वेळ ती माझ्यावरची बोटं बघत होती.

"आई," शेवटी ती म्हणाली, "आजीने हिची पूजा केली ना, ती हिने डिअरला नीट मारावं म्हणून, की मारूच नये म्हणून?"

अनुयाने फडकं ठेवलं, मला कपाटात घालून किल्ली लावली आणि शर्वाणीसाठी शेजारची खुर्ची ओढली.