खाजणातली शेवटची काच

फोटोची पाचवी काचही औषधात घातल्याबरोबर काळीकुट्ट झाली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला. गिरगावातल्या आमच्या न्हाणीघरात, लाल कंदिलाच्या उजेडात, मी आणि माझे वडील, तात्या, दोघंच. परळच्या पुढचं खाजण, त्यातले करकोचे, बगळे. चिखलात उभं राहून घेतलेली सगळी चित्रं गेली! तात्यांच्या डोळ्यांवर पडदा चढत चालला होता. नजर आहे तोवर खाजणातल्या पक्ष्यांचं एक तरी चित्र आपल्या हातून निघावं, एवढाच त्यांचा हट्ट. आणि तिथे तर भराव घालायला सुरुवातही झाली होती.

"कोऱ्या काचांनाच उजेड लागलाय," तात्या म्हणाले. "पेटी कुणी उघडली?"

"मी," आत्या दाराबाहेरून म्हणाली. "शनिवारी ग्रहण नव्हतं का? लोणच्यात घातला, पाण्यात घातला, तसा तुझ्या काचांतही दर्भ घातला. ग्रहण सुटल्यावर काढलासुद्धा! तळातलं पुडकं तेवढं चिकटलं होतं, सुटेना मेलं."

"आत्या, तुझे उपकार!" मी किंचाळले. त्या न उघडलेल्या पुडक्यात अजून एक कोरी काच होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवली. आम्ही पोचलो तर मातीच्या गाड्या निम्म्या खाजणात आलेल्या. कॅमेरा उभा केला, मी त्याच्या मागच्या दुधी काचेवर नजर लावून चित्र नीट जमवलं. जमवलं म्हणजे काय, नुसता चिखल! पक्षी सगळे पार पलीकडे, तिवरांच्या झाडांपाशी जाऊन बसलेले.

"दिसताहेत का ग?" तात्या सारखे विचारत होते.

"येतील."

एक गाडीवाला बैल थांबवून म्हणाला, "काय वो भटजी, बगळ्यांचं लगीन लावताय?"

"हो, तुम्ही वाजंत्री आणा!" मी म्हटलं. तो हसत गेला. मला रडू येत होतं. ऊन उतरत चाललं होतं, आणि पक्षी काही हलेनात.

शेवटी मी कोरी काच चढवली आणि कॅमेऱ्याची झडप उघडणारा रबरी फुगा तात्यांच्या हातात दिला. "मी 'आता' म्हणून ओरडले की दाबा."

"कालिंदी, चिखल खोल आहे!"

"मला ठाऊक आहे!" मला काहीएक ठाऊक नव्हतं. परकर खोचला आणि मोठा वळसा घेत तिवरांकडे निघाले. थेट पक्ष्यांच्या मागे गेले, हात उंचावून बोंब ठोकली, तसे ते भर्रकन उठले. मी त्यांच्यामागे कॅमेऱ्याकडे धावले आणि मधोमध गुडघ्यापर्यंत रुतले. पाय निघेना. हात तसेच वर. डोक्यावरून पंखच पंख!

"आता! तात्या, आता!"

संध्याकाळी ती काच आम्ही दोघांनी मिळून धुतली. काळी झाली नाही! पण उजेड कमी होता, त्यामुळे उडते पक्षी म्हणजे नुसते पुसट ओरखडे. सगळे, एकूण एक.

तात्यांनी काच कंदिलासमोर डोळ्यांशी धरली. किती तरी वेळ पाहत राहिले. मग मधोमध बोट दाखवलं.

"हा बघ! एक आलाय स्पष्ट. पंख पसरून उभाय. करकोचा ना ग?"

"तात्या," मी म्हटलं, "ती मी आहे."

त्यांनी काच खाली घेतली नाही.