अपोलोसीचे दोन पाय

सालानिएता फिजीतल्या सुवा शहरात एका प्रयोगशाळेत झाडपाल्यापासून त्वचेसाठी जेल बनवायची. कोरफडीच्या गरात उंडीचं तेल घालून केलेल्या नव्या जेलने तिला वर्षभर रडवलं. आज एकजीव झालंसं वाटे, उद्या तेल वर तरंगे. अखेर ते जमून आलं. तिने आधी स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं. खाज नाही, पुरळ नाही. मग तिची नजर नवऱ्याच्या पायांकडे गेली.

अपोलोसीला यांगोनाचा, म्हणजे मुळीपासून केलेल्या गुंगीच्या पेयाचा, भारी नाद. संध्याकाळी शेजारच्या ओसरीवर मंडळी जमायची, कुटलेली मुळी पाण्यात कालवायची आणि करवंटीमागून करवंटी रिती व्हायची. रोजच्या त्या पिण्यापायी कातडी सुकून त्याच्या पायांना माशासारखी खवलं धरली होती.

"डाव्या पायाला ह्या बरणीतलं लाव, उजव्याला त्या," ती म्हणाली. "एकात तेल आहे, एकात नुसता गर. कशात काय ते सांगणार नाही. आणि जसा राहतोस तसाच राहा."

"म्हणजे बायकोच्या हुकमाने प्यायची," तो हसला. "एवढं भाग्य कुणाचं?"

काही आठवड्यांनी तिने त्याचा डावा पाय हातात घेतला. मऊसूत. तिचा चेहरा फुलला. मग उजवा पाहिला, तर तोही तितकाच मऊ. तिचं मन खट्टू झालं. मग तेलाचा उपयोग तो काय?

दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ इलाइतिया मासळी घेऊन आला. "ताई, दाजी पाद्री होणारेत का गं? रोज ओसरीवर आमच्यात येऊन बसतात, गप्पा हाणतात, पण करवंटी आली की पुढे सरकवतात."

ती तशीच मागल्या दारी गेली. अपोलोसी रात्रीच्या जेवणासाठी कसावाचे कंद सोलत बसला होता.

"तू यांगोना सोडलीस?"

त्याने मान वर केली नाही. "जेल फसलं की तू न जेवता झोपायचीस. म्हटलं, निदान माझ्या पायांनी तुला तोंडघशी पाडू नये."

"अरे, पण आता दोन्ही पाय बरे झाले. गुण कशाचा, ते कसं कळणार?"

त्याने सुरी खाली ठेवली. "म्हणजे मी घोळ घातला."

"घातलास."

"मग पुन्हा सुरू करू?"

"करून तर बघ," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती पायरीवर त्याला खेटून बसली आणि सुरी घेऊन उरलेला कसावा सोलू लागली.

अपोलोसीचं नाव तिने चाचणीतून काढलं. जेल घेऊन ती मासळीबाजारात गेली. तिथल्या बायकांचे हात खाऱ्या पाण्याने भेगाळलेले. तेलाचं जेल लावलेला हात लवकर भरून आला, नुसत्या गराचा मागे राहिला.

अपोलोसी आता फक्त शनिवारी पितो.