ओरिजिनल गंज

लंकाबाईला गंजाची किळस होती. साधी नावड नव्हे, किळस. कुणाला पालीची असते, कुणाला दुधावरच्या सायीची, तशी. द्वारका चौकाजवळच्या गल्लीत नवऱ्याबरोबर तिने बत्तीस वर्षं जुन्या मोटारींच्या पार्टांचं दुकान चालवलं होतं, आणि दुकानात आलेली प्रत्येक वस्तू आधी मोरीत जायची. रॉकेलमध्ये भिजायची, तारेच्या ब्रशने घासली जायची, ऑइलचा हात फिरवून कागदात गुंडाळली जायची. वर चिठ्ठी: कुठली गाडी, कुठला पार्ट. निफाडकडच्या माहेरी ती सातवीपर्यंतच शिकलेली, पण अक्षर मास्तरासारखं. नवरा सावळीराम माल तपासायचा. पास झालेला फळीवर जायचा. नापास झालेल्याच्या कडेला तो हॅक्सॉ करवतीने आडवी चीर पाडायचा आणि मागच्या डब्यात टाकायचा. चीर दिसली की तो पार्ट गाडीला लावायचा नाही, हे गल्लीतल्या सगळ्या मिस्त्र्यांना ठाऊक होतं.

मग ते मिस्त्री थकले, त्यांच्या हाताखालच्या गाड्या भंगारात गेल्या, सावळीरामच्या डोळ्यांना दिसेनासं झालं. दुकानात दिवसदिवस कुणी फिरकेना. तेव्हा सून निकिताने मोबाइलवर शोधून काढलं की गंगापूर रोडच्या पलीकडे लग्नकार्याच्या एका लॉन्सवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुन्या गाड्यांचे शौकीन जमतात. गाड्या मिरवतात, आणि मोकळ्या मैदानात जुन्या पार्टांचा बाजार भरतो.

"आई, आपल्याकडे जे आहे ना, ते या लोकांना सोन्यासारखं आहे," निकिता म्हणाली.

पहिल्या रविवारी दोघी टेम्पोतून माल घेऊन गेल्या. लंकाबाईने टेबलावर पांढरी चादर अंथरली, त्यावर ओळीने पार्ट मांडले, चिठ्ठ्या सरळ केल्या. दिवे, दाराच्या मुठी, हॉर्न, कार्ब्युरेटर, सगळं लखलखीत. एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसं येत, पार्ट उचलत, उलटासुलटा करत आणि खाली ठेवत.

"हे डुप्लिकेट आहे का, आंटी?" एकाने विचारलं.

"डुप्लिकेट कशाला आसंल? एकोणऐंशी सालच्या गाडीचं हाय. मी सोता घासलंय."

"घासलंय?" तो माणूस असा कळवळला, जणू तिने त्याचं पोर खरवडलं होतं. "अहो, सगळा पॅटिना घालवलात!"

तो गेल्यावर निकिताने समजावलं, "पॅटिना म्हणजे जुनेपणाचा रंग, आई. तसा गंजच, पण त्यांना तो आवडतो."

"आवडतो म्हंजी? खायाचाय का त्यांना?"

शेजारी अश्विनचा माल होता. भंगार बाजारातला हा तिशीतला गडी गळ्यात चेन, डोक्यावर उलटी टोपी घालून बसला होता. त्याने ताडपत्री अंथरून तिच्यावर पार्टांचा ढीग ओतला होता, माती-चिखल-काळ्या ग्रीससकट. त्या ढिगाभोवती झुंबड. माणसं उकिडवी बसून कोपरापर्यंत हात घालत होती, काहीतरी ओढून काढत होती, नाकाशी नेऊन चक्क वास घेत होती. एका बाईने आपल्या छोट्या मुलीच्या हाताला ग्रीस फासून फोटो काढला. एक जण तसल्याच तपकिरी बोटांनी पाव मोडून मिसळीत बुडवत होता. लंकाबाईला बघवेना. तिने तोंड फिरवलं.

संध्याकाळी आवराआवर करताना अश्विन आला. "काकू, तुमचा हा टेबलावरचा सगळा माल मीच घेतो. मागं दुकानात काही रद्दीसद्दी असंल तर तीपण द्या."

टेबलावरचं काहीच खपलं नव्हतं. लंकाबाईला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि माल घेऊन गेला. जाताना मागचा डबा दिसला, तर म्हणाला, हापण नेऊ का? "ती घाण हाय," लंकाबाई म्हणाली, "ने फुकट. तेवढीच जागा मोकळी व्हईल." सावळीराम आत झोपला होता. त्याला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

पुढच्या महिन्यात दोघी दुकानातल्या फळ्यांवरचा उरलेला माल घेऊन पुन्हा बाजारात गेल्या. टेबल मांडून झाल्यावर लंकाबाई सहज शेजारच्या ताडपत्रीकडे बघायला गेली. ढिगाच्या वरच एका हेडलाइटची रिंग होती. लालसर तपकिरी पापुद्रे सुटलेली, फोड आलेली, एखाद्याच्या अंगावर खरूज उठावी तशी. तिने ती दोन बोटांत धरून उलटी केली. आतल्या बाजूला ऑइलपेंटने काढलेला बारीक आकडा होता. तिच्याच हातचा.

"ही माझी रिंग हाय," ती म्हणाली. "मी आरशागत करून दिली व्हती."

अश्विन लाजला नाही. उलट खुलला. "वळखली का? भारी ना? मिठाचं पाणी, लिंबूसत्त्व, थोडं बॅटरीचं पाणी. ड्रममध्ये आठ दिवस. मग वल्या शेणात पुरून ठेवायची. खरं सांगू काकू, तुमच्यासारखा माल नाय कुणाचा. आधी घासलेला असतो ना, गंज एकसारखा चढतो."

लंकाबाईने रिंग टाकून दिली आणि हात पदराला पुसले. पुसून झाल्यावर पदराचीच शिसारी आली. त्या रिंगवर तिने दोन दुपारी घालवल्या होत्या. एवढ्यात समोरून कुणीतरी म्हणालं, "दादा, हा फियाटचाच आहे ना नक्की?"

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, चष्मेवाला, इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण होता. हातात ब्रेकचा मास्टर सिलिंडर. पॅडल दाबलं की चारी चाकांकडे ऑइल ढकलतो, तो.

"शंभर टक्के," अश्विन म्हणाला. "एका डॉक्टरांच्या गॅरेजमधून काढलाय. तीस वर्षं कुणी हात नाय लावला. गंज बघा की, ओरिजिनल."

"मला गाडीला बसवायचाय. बाबांची फियाट आहे. आमचा गळतोय. पुढच्या आठवड्यात बहिणीचं लग्न आहे नामपूरला, सगळे त्याच गाडीतून जाणार आहोत."

"बिनधास्त बसवा."

लंकाबाई पुढे झाली. "दाव बरं जरा."

सिलिंडरची कड ग्रीस आणि गंजाच्या लगद्याने लिंपलेली होती. तिने नखाने तो लगदा खरवडला. ओला, शेणाचा वास मारणारा गोळा नखात बसला. खाली आडवी चीर निघाली. सावळीरामची. ही वस्तू तिनेच दिली होती. फुकट, जागा मोकळी होईल म्हणून.

"हा घेऊ नको, बाबा," ती तरुणाला म्हणाली. "हा नापास हाय. खाली तडकलाय. आमच्याच दुकानातला हाय. आम्ही टाकून दिला व्हता."

"काकू, तुमच्या टेबलाकडं बघा की," अश्विन हसत म्हणाला, पण आवाज बदलला होता. "माझं गिऱ्हाइक कशाला फोडता?"

ती धावत टेबलाकडे गेली आणि तिथला मास्टर सिलिंडर घेऊन आली. त्याच गाडीचा, घासलेला, आतली रबरं नवी, चिठ्ठीवर तिचं अक्षर. "हा घे. तपासलेला हाय. पैशे पण देऊ नको."

तरुणाने एकदा तिच्या हातातल्या चकचकीत सिलिंडरकडे पाहिलं, एकदा आपल्या हातातल्या गंजक्याकडे. कपाळाला आठी पडली. "नको मावशी. हा डुप्लिकेट वाटतोय. आणि फुकट कशाला देताय?"

"बघा," अश्विन म्हणाला.

लंकाबाईला क्षणभर वाटलं, मरू दे. घे आणि जा. मग तिच्या डोळ्यांपुढे घाटातली फियाट आली, मागच्या सीटवर पैठण्या नेसलेल्या बायका. तिने त्याच्या हातातून गंजका सिलिंडर हिसकावला.

"निकिता, ब्रेक ऑइलची बाटली आण! आन् लांबडा पेचकस!"

तिने ऑइल सिलिंडरमध्ये ओतलं, बाहेर जाण्याची भोकं अंगठ्याने गच्च दाबली, आणि निकिताला म्हणाली, "आतला दट्ट्या ढकल. जोरात." निकिताने पेचकसाने दट्ट्या ढकलला. सिलिंडरच्या पोटाखालून ऑइलची बारीक धार सुटली आणि लंकाबाईच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहत गेली. गंजाचं पाणी मिसळल्यामुळे पिवळ्या पुवासारखी दिसत होती. भोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती. बहुतेकांचे मोबाइल वर होते.

"दिसलं का?" ती तरुणाला म्हणाली. "उतारावर पाय दाबला आसता, आन् पाय जमिनीला टेकला आसता. गाडी थांबली नसती."

तरुणाचा चेहरा उतरला. त्याने चष्मा काढून पुसला. "सॉरी मावशी," तो म्हणाला. नाव सार्थक, बँकेत नोकरी. तिने आणलेला चांगला सिलिंडर त्याने घेतला, कडेला गेला, आणि पुन्हा परत आला. जरा घुटमळला.

"मावशी, एक विचारू? हा वरून थोडा जुना करून मिळेल का? म्हणजे, गंजलेला दिसेल असा? आतून असाच राहू दे. लग्नानंतर आमची गाडी शोमध्ये उतरवायचीय. बॉनेट उघडून बघतात. चमकणारा पार्ट दिसला की मार्क कापतात."

लंकाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या मनगटावरून अजून ते पिवळं पाणी ठिबकत होतं.

"गाडी कुठंय?"

"तिकडे, झाडाखाली."

"चल."

सुरुवातीच्या वर्षांत मिस्त्री मिळत नसे तेव्हा दुकानापुढच्या फुटपाथवर ती स्वतः पार्ट बसवून देत असे. हात विसरले नव्हते. तिने बॉनेट उघडलं, जुना सिलिंडर सोडवला, नवा बसवला, पाइप जोडला. मग निकिताला सीटवर बसवलं आणि एकेका चाकापाशी जाऊन ब्रेकमधली हवा काढली. "मार. मार. धर. सोड." अर्ध्या तासात पॅडल घट्ट झालं. सार्थकच्या शेजारी बसून तिने त्यालाच गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यायला लावली आणि दोनदा करकचून ब्रेक मारायला लावला. गाडी जागच्या जागी थांबली. सार्थक पहिल्यांदा हसला.

"आता याला गंज लावायचा नाय," ती म्हणाली. "कापू दे मार्क."

"हो मावशी," तो म्हणाला. ऐकणार की नाही, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

ती परतली तेव्हा अश्विनच्या ताडपत्रीभोवती मघापेक्षा दुप्पट गर्दी होती. तिला वाटलं, लोक त्याला झापायला जमले असतील. जवळ गेल्यावर कळलं की ती मागे टाकून गेलेला तडकलेला सिलिंडर विकत घेण्यासाठी दोघांत चढाओढ लागली होती. कॉलेज रोडवर कॅफे चालवणाऱ्या एका केस रंगवलेल्या माणसाने तो पटकावला.

"तो गळतो," लंकाबाई त्याला म्हणाली. "मी आत्ताच दावलं."

"म्हणून तर घेतोय, आंटी! भिंतीवर लावणार. खाली तुमचा व्हिडिओ चालेल. या एकदा कॉफीला." त्याने तो ओंजळीत धरून कडेने हुंगला. "वा! काय वास आहे जुन्या गाडीचा."

तो वास कशाचा होता हे लंकाबाईला माहीत होतं. तिने सांगितलं नाही.

मग बाजार भरवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी आले, हात जोडून. व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतोय म्हणाले. पुढच्या वेळी बरोबर अकरा वाजता असंच प्रात्यक्षिक कराल का? आम्ही माइक देऊ. फक्त ही चादर-टेबल नको, खाली बसा, मातीत. आणि हाताला जरा ग्रीस असलं तर जास्त...

"निकिता, माल भर," लंकाबाई म्हणाली.

"आई, ऐकून तरी घ्या त्यांचं."

"भर म्हनते ना!"

घरी आल्यावर लंकाबाईने सावळीरामला सगळं सांगितलं, डबा आपणच दिला होता हेही. तो ऐकता ऐकताच उठला आणि मागच्या डब्यापाशी गेला. मग म्हणाला, "हातोडा आन." डब्यात नव्याने साठलेलं जे चार-दोन होतं, ते त्याने चाचपत चाचपत फोडलं. प्रत्येकाचे दोन तुकडे होईपर्यंत.

लंकाबाई पुन्हा त्या बाजारात गेली नाही. निकिता जाते. त्यावरून घरात आठ दिवस अबोला झाला, मग निकिताने सरळच सांगितलं, "आई, दुकानावर घर चालत नाही. बाजारावर चालतं." शेवटी ठरलं ते असं, की दिवे, मुठी, हॉर्न, नावाच्या पट्ट्या, जे गाडी नुसती नटवतं, ते निकिताने न्यावं, अश्विनच्या ड्रममध्ये बुडवावं, काय वाटेल ते करावं. ब्रेकचं आणि स्टेअरिंगचं काही दुकानाबाहेर जाणार नाही. ज्याला हवं त्याने गाडी घेऊन यावं. असे महिन्याकाठी दोघं-तिघं येतात. हे ठरवताना लंकाबाईने मान हलवली, पण आपण कशाला मान हलवली ते तिला नीट कळत होतं.

मागच्या रविवारी निकिता बाजारातून दुपारी उशिरा आली. खुशीत होती, सगळा माल खपला होता. हातपाय धुऊन ताटावर बसली. लंकाबाईने भाकरी वाढली, मेथी वाढली. निकिताने भाकरीचा तुकडा मोडला, आणि लंकाबाईला तिची नखं दिसली. कडांना तपकिरी रेघा. बोटांच्या पेरांच्या सुरकुत्यांतही तेच.

"ऊठ. हात धू."

"धुतलेत, आई. दोनदा. निघत नाही ते."

लंकाबाई आत गेली, फळीवरचा चमचा घेऊन आली आणि तिच्या ताटात ठेवला. निकिताने सासूकडे पाहिलं, चमचा उचलला आणि जेवू लागली. लंकाबाईने आपलं ताट वाढून घेतलं होतं. ते तिने झाकून ठेवलं.