मोरीत न पडलेला माणूस

तोताराम नाना गाडी चालवायला बसले की मागे वरात लागते, असं त्यांच्या गावात म्हणतात. खोटं नाही. केळीच्या पैशातून पन्नाशीनंतर घेतलेली ती पांढरी गाडी नाना बैलगाडीच्याच बेताने चालवत. वीस वर्षांत तिला ओरखडा नव्हता. आणि रस्त्यात कुठेही मारुती, म्हसोबा, पीर दिसला की वेग आणखी कमी करून नमस्कार करायचा, हा नियम होता. एक हात स्टिअरिंगवर, एक कपाळाला.

दिवाळीनंतरच्या शनिवारी नाना आणि कुंदाबाई लेकीकडे जळगावला निघाले होते. कुंदाबाईंच्या मांडीवर भरताचा डबा. यावल रस्त्याला एका वळणावर मारुतीचं देऊळ आहे. देवळाआधी गतिरोधक. नानांनी ब्रेक दाबला, इंडिकेटरही लावला, हात कपाळाकडे नेला, आणि मागून असा दणका बसला की कपाळाला हात लागण्याऐवजी कपाळच हाताला लागलं.

मागची गाडी कोरी करकरीत होती. पुढे झेंडूचा हार, लिंबू-मिरची, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. गाडी त्याच मारुतीच्या पूजेला चालली होती. देऊळ वीस पावलांवर राहिलं होतं तेवढ्यात चालवणाऱ्यानेही डोळे मिटून हात जोडले होते, दोन्ही.

सगळी चूक आपलीच, असं ओरडत तो धावत उतरला. नवल त्याचं नाव. मूळचा साक्रीकडचा, जळगावात पाईपांचं दुकान. एरवी गिऱ्हाइकाशी छापील मराठीत बोलणारा माणूस घाबरला की आईच्या भाषेत येतो.

"नाना, लागनं का? मनी चूक शे. बठ्ठी चूक मनी शे!"

नाना मान चोळत म्हणाले, "मले काही झालं नही भो. तुमचा हार तुटला पाहा."

"आन् माह्या भरताचं काय झालं ते कोनी पाहू नका," आतून कुंदाबाई म्हणाल्या. डबा पायाशी पालथा पडला होता.

गर्दी जमली. आपल्याकडे अपघाताला डॉक्टर उशिरा येतो, पोलीस त्याहून उशिरा, पण मिटवणारे लगेच येतात. "देवाच्या दारात भांडू नका," एकाने सांगितलं. भांडत कोणीच नव्हतं. दुसरा म्हणाला, "पोलीस-बिलीस कशाला? आपसात मिटवा." मग गाडीच्या पूजेसाठी आणलेला नारळ कामी आला. नाना आणि नवल, दोघांनी त्यावर हात ठेवले. कोणी कोणावर केस करायची नाही, अशी मारुतीसमोर शपथ झाली. वडील माणूस म्हणून नारळ नानांनी फोडला. एका फटक्यात दोन सारख्या वाट्या. उजव्या हाताने तसा नारळ पुन्हा फोडता येणार नाही, हे तेव्हा कोणाला माहीत?

तिसऱ्या दिवशी मान वळेना. आठव्या दिवशी उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. चहाचा कप सुटला. केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला विळा उचलला तर तो हातात राहीना. डिंपल, म्हणजे लेक, बापाला जळगावच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं? गाडीचा अपघात असेल तर तसं लिहावं लागतं. पोलिसांना कळवावं लागतं."

पोलीस म्हणजे केस. केस म्हणजे शपथ मोडली. नानांनी डिंपलच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मोरीत पाय घसरून पडलो," ते म्हणाले.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मानेतली नस दबली आहे, गळ्याला पट्टा बांधा, व्यायाम करा, दोन महिन्यांत हाताला जोर आला नाही तर ऑपरेशन. हात वाचायचा असेल तर हयगय करू नका.

देवाला दिलेला शब्द राहिला. पण घरात दुसरं संकट उभं राहिलं. कुंदाबाईंची मोरी पंचक्रोशीत स्वच्छ. रोज काथ्याने घासायची, फरशी कोरडी पुसायची. आता पाहुणे यायचे ते नानांना भेटण्याआधी मोरी पाहून यायचे. जावेने सांगितलं, "शेवाळ धरलं असंल." पुतण्याने रबरी चटई आणून टाकली. शेजारची ताईबाई तर म्हणाली, "अक्का, वय झालं आपलं, आता नही होत घासनं."

कुंदाबाई चुलीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या मारुतीनं तुमची मान मोडली, ते चाललं. माही अब्रू काहून मोडली?"

नाना मान खाली घालायला गेले. पट्टा असला की मान खाली घालता येत नाही, हीच त्यातली अडचण.

दीड महिन्याने दारात मोटारसायकल थांबली. स्वप्नील नावाचा मुलगा, नवलच्या विमा कंपनीकडून चौकशीला आलेला. पट्टा कशाचा, असं त्याने विचारलं तर नानांनी त्यालाही मोरीचंच सांगितलं. नवलने गाडीच्या दुरुस्तीचा विमा मागितला होता. स्वप्नीलने मोबाईलवरून वाचून दाखवलं, "समोरील वृद्ध वाहनचालकाने कोणतेही कारण नसताना अचानक ब्रेक लावल्याने माझे वाहन धडकले. समोरच्या वाहनात कोणासही इजा नाही." खाली नवलची सही. सोबत फोटो: नानांच्या गाडीचा नंबर, चेपलेली डिकी, मागे देऊळ.

"यावर तुमची सही हवी, आजोबा."

नानांनी विचारलं, "त्यांनी केस केली का?"

"केस नाही हो, क्लेम. सगळेच करतात."

"आन् शपथ?"

स्वप्नीलने मोबाईलमध्ये पाहिलं. अर्जाच्या कुठल्याच रकान्यात तसं काही नव्हतं.

नानांनी सही केली नाही. रात्रभर पट्टा टोचत राहिला, का दुसरं काही, ते त्यांनाच ठाऊक. सकाळी त्यांनी धाकट्या भावाच्या मुलीला फोन केला. भूमिका जळगावच्या कोर्टात वकिली करते. ती दुपारच्या बसने आली, कागद पाहिले आणि कपाळाला हात लावला. त्या घरात हात कपाळाला लावणं हे देवाचंच काम राहिलं नव्हतं.

"मोठे बाबा, मागून धडकणाऱ्याने अंतर ठेवायचं असतं. गतिरोधकावर तुम्ही ब्रेक मारणार नाही तर काय करणार? तुमच्या इजेची भरपाई त्या नवलच्या खिशातून जात नाही, त्याच्या विमा कंपनीने द्यायची असते. त्यासाठीच तर विमा सक्तीचा आहे. अर्ज सहा महिन्यांत केलेला बरा."

"मंग करू ना."

"कसा करू? पोलिसात नोंद नाही. आणि दवाखान्याचा कागद म्हणतो तुम्ही मोरीत पडलात. कंपनीचा वकील हाच कागद पहिला काढेल."

"मी म्हनतच व्हती," कुंदाबाई म्हणाल्या.

"मंग आता?" नानांनी विचारलं.

"गाडीने तुम्हाला धडक दिली, याचा एकच लेखी पुरावा जगात आहे, आणि तो नवलने स्वतःच सही करून कंपनीला दिलाय. त्याला खरं बोलायला लावा. आणि मोठे बाबा, तुम्हीही बोला."

नाना उठले. "आधी देवाले इचारतो."

शनिवारी तिघं देवळात गेली. पुजारी हिलालबुवांनी सगळं ऐकलं आणि हळूच म्हणाले, "नाना, मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी मूर्तीला नवा शेंदूर चढवत होते. पडदा ओढलेला होता. देवाने पाहिलंच नाही."

"बुवा, पडद्यातून आयकू येतं."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. नवलची गाडी दुरुस्त होऊन आली होती. नवा हार, नवं लिंबू, नवा नारळ. अर्धवट राहिलेली पूजा तो पुरी करायला आला होता. नानांना पाहून आधी दचकला, मग दुकानातलं हसू आणलं.

"नाना! तुम्ही मोरीत पडलात म्हणे? कंपनीचा माणूस सांगत होता. या वयात जपावं. बरं झालं भेटलात, तुम्हीच वडील आहात, नारळ तुमच्याच हातचा."

त्याने नारळ नानांच्या हातात दिला. कुंदाबाई पुढे झाल्या, भूमिकाने त्यांना धरलं. नानांनी हात उचलला. खांद्यापर्यंतही गेला नाही. बोटं उघडली, नारळ सुटला आणि गडगडत जाऊन नव्या गाडीच्या चाकाला टेकला. फुटला नाही.

नवल नारळ आणायला वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. उठला तेव्हा दुकानातलं हसू गेलं होतं.

"हा त्या दिवशीचा हात?"

"मोरीतला नही," नाना म्हणाले.

"मला वाटलं, माझी चूक लिहिली तर कंपनी गाडीचं काही देणार नाही. घाबरलो."

"तुमच्या गाडीचा विमा तुमची चूक असली तरी मिळाला असता," भूमिका म्हणाली. "पॉलिसी वाचायची असते."

"वाचतं कोण, ताई?" नवल म्हणाला आणि मारुतीकडे पाहिलं. "आणि शपथ?"

नाना म्हणाले, "तुमच्यावर राग धरनार नही, एवढी माही शपथ ऱ्हाईल. खोटं बोलायची शपथ आपुन घेतलीच नव्हती. दोघायनंबी फुकट पाळली."

नवल नाही म्हणू शकला असता. गाडीची चावी हातातच होती. पण नारळही हातातच होता.

पोलीस ठाण्यात हवालदार पंडित यांनी कागद पुढे ओढला. नवलने घसा साफ करून सुरुवात केली, "सदर ठिकाणी समोरील वाहन हे अचानक..."

"भाऊ," नाना मध्येच म्हणाले, "त्या दिवशी बोलले तसं बोला."

नवल थांबला. खिशातला रुमाल काढून पुन्हा ठेवला.

"साहेब, मी डोया मिचीसन हात जोडेल व्हतू. बठ्ठी चूक मनी शे."

हवालदारांनी ते छापील मराठीत लिहून घेतलं. मग नानांकडे वळले. "तुम्ही दवाखान्यात मोरीत पडलो असं सांगितलं. ते का?"

"देवाले शब्द देला व्हता."

"मग देवाचं नाव साक्षीदारात घालू का?" हवालदार म्हणाले. "नाना, खोटी माहिती दिली, हे जबाबात येईल. कोर्टात तुम्हाला त्यावरून उलटसुलट विचारतील. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही."

"लिहा," नाना म्हणाले. "इचारू द्या."

हवालदारांनी पेन टेकवलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून कुंदाबाई उठल्या. दीड महिना त्या याच टेबलाची वाट पाहत होत्या.

"साहेब, बाकी काहीबी मागून लिहा. आधी लिहा, आमची मोरी घसरडी नही."

हवालदारांनी नानांकडे पाहिलं. नानांना मान हलवता येत नव्हती, म्हणून त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, लिहून टाका.