एकेचाळीस ‘आम्ही’

ट्विलानं फोनवर “पास!” म्हणून सांगितलं तेव्हा माझे दोन्ही हात मासळीच्या वड्यांच्या सारणात होते. फोन खांद्यानं कानाला दाबत मी म्हणालो, “म्हणजे आता तू सरकारमान्य प्रामाणिक झालीस!”

“झाले. म्हणून आता खरं सांगते डॅडी, गेल्या रविवारच्या वड्या खारट होत्या.”

इंजिनियरच्या परवान्यासाठीच्या त्या परीक्षेत नीतीचे आणि कायद्याचे एकशे दहा प्रश्न होते. महिनाभर पोरगी पुस्तक मांडून माझ्यासमोर बसायची आणि मलाच विचारायची, “मालक म्हणतो, लोखंड थोडं बारीक वापरा, कुणाला कळणार? काय करायचं?”

“पास्टरना सांगायचं.”

“हा पर्याय दिलेला नाही, डॅडी.”

परीक्षा संपली, आता अर्ज उरला. आमच्या नोव्हा स्कोशियात कॉलेज संपताना इंजिनियरच्या करंगळीत लोखंडी अंगठी येते, पण शिक्का येत नाही. शिक्केवाल्या इंजिनियरच्या हाताखाली चार वर्षं काढायची, केलेल्या कामांची हकिकत लिहायची आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे असं त्यानं लिहून द्यायचं. मग परवाना, मग स्वतःच्या नावाचा शिक्का. तो नसला तर जन्मभर पूल आखत बसा, नकाशावर नाव दुसऱ्याचंच.

तीन आठवड्यांनी परवाना देणाऱ्या मंडळाकडून अर्ज परत आला. ट्विलानं कागद टेबलावर टाकले. वर शेरा होता : अर्जदारानं स्वतः काय केलं ते समजत नाही. ‘आम्ही’ आहे तिथे ‘मी’ लिहावं.

“मोजले मी,” ती म्हणाली. “एकेचाळीस. आम्ही भार काढला, आम्ही जागा पाहिली, आम्ही सळया तपासल्या...”

“मग त्यात वाईट काय?” मी भडकलो. “एकटीनं केलंस का सगळं?”

“तेच ना! त्यांना एकटीचंच हवंय.”

पण ते ‘आम्ही’ मूळचं माझंच होतं. मी आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरांचा मदतनीस. पास्टर ग्रोस यांच्या प्रवचनाचा मी वेडा आहे. ते प्रवचन आधी सावकाश चालतं, मग धावायला लागतं, आणि शेवटी त्याला पंख फुटल्यासारखं गायलाच लागतं. ते एक ओळ वर फेकतात, आम्ही सगळे मिळून ती झेलतो. त्या झेलण्यात एकट्याचा आवाज वेगळा काढता येत नाही, आणि त्याचंच मला सुख. ट्विला सात वर्षांची असताना साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं काय दिलं ते ज्यानं त्यानं उठून सांगायच्या वेळी, उभी राहून म्हणाली होती, “देवा, मी आज छान गायले.” मी तिचा फ्रॉक ओढला आणि कानात म्हणालो, “आम्ही म्हण, बाळा. देवापुढे आम्ही म्हणायचं.” पोरीनं ते एवढं मनावर घेतलं, की आजतागायत चर्चमध्ये किंवा आपल्या कामाबद्दल सांगताना तिच्या तोंडून ‘मी’ निघाला नव्हता.

संध्याकाळपर्यंत तिनं चाळीस ठिकाणी खाडाखोड केली. एकेचाळिसाव्यापाशी पेन थांबलं. तिनं मला वाचून दाखवलं : “टॅनर्स ब्रूकच्या पायपुलाच्या गणितात राहिलेली चूक आम्ही वेळेत दुरुस्त केली.”

हा पूल मला ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी भर हिवाळ्यात पास्टर गाता गाता थांबले आणि म्हणाले, “टॅनर्स ब्रूकची आपली माणसं खिडक्यांपर्यंत बर्फात आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करू.” शेजारी बसलेल्या ट्विलानं माझा हात गच्च धरला. मला वाटलं, प्रार्थनेचा भर आला. तिला आला होता तो घाम. कुठल्या गावाला बर्फाचा किती भार धरायचा त्याचा एक तक्ता असतो. त्यातली एक ओळ वरची वाचून तिनं त्या पुलावर दुसऱ्याच गावाचा बर्फ टाकला होता. निम्माच, हे तिला खिडक्यांपर्यंतचा बर्फ ऐकून उमगलं. नकाशावर तिचे साहेब झ्विकर यांचा शिक्का बसून आठवडा झाला होता. सोमवारी उजाडताच तिनं त्यांना सांगितलं. त्यांनी ठेकेदाराला फोन लावला, “आमच्याकडून चूक झालीय, काम थांबवा.” ठेकेदार खूप ओरडला. चूक नेमकी कुणाची, हे मात्र कुणी विचारलं नाही.

“आता इथे ‘मी’ लिहिलं,” ट्विला म्हणाली, “तर परवाना अडकेल. अडकू दे, मी आणखी थांबेन. पण ते पुढचं विचारतील : मग शिक्का कसा बसला? त्यांनी मला झाकलं, डॅडी. आणि मी त्यांना उघडं पाडू?”

“ती ओळच काढून टाक की.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझं डीकनपण मलाच बोचायला लागलं.

शनिवारी मी तिला गाडीतून लुनेनबर्गच्या बाजूला झ्विकर साहेबांच्या घरी नेलं. सत्तरीचे गृहस्थ परसात पिंपात आंबवण्यासाठी कोबी आणि मीठ दाबत बसले होते, कोपरापर्यंत बाह्या वर सारलेल्या.

“ये ट्विला. डीकन, तुम्हीही या. कोबी दाबता येतो का?”

“बर्फ दाबलाय एकोणतीस वर्षं,” मी म्हणालो. मी रस्त्यावरचा बर्फ कडेला दाबणाऱ्या सरकारी गाडीवर होतो.

“मग या, बसा कामाला.”

ट्विला उभ्याउभ्याच बोलली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, “ते विचारतील, शिक्का कुणी मारला.”

“मी मारला. माझंच नाव आहे त्यावर, कोंबड्याचं नाही.”

“पण तुम्ही तपासलं नव्हतं.”

साहेबांचे हात पिंपात थांबले. “नव्हतं. तुझं गणित म्हणून नव्हतं तपासलं. ही पोरगी चुकत नाही, असं मी गावभर सांगत फिरत होतो ना! मग माझंच बोलणं मला खरं वाटायला लागलं.”

ट्विलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तेव्हा मी ‘आमच्याकडून’ म्हणालो,” ते म्हणाले. “तुला वाटलं, म्हाताऱ्यानं मला पांघरूण घातलं. हो ना?”

“हो.”

“त्यातलं निम्मं पांघरूण माझ्याच अंगावर होतं, बाई. दोन वर्षं झाली, फार उकडतंय त्याखाली. लिही तू तुझं. खालच्या चौकोनात मी माझं लिहितो.”

परसातल्या बाकावरच तिनं लिहिलं : टॅनर्स ब्रूकचा आकडा मी चुकीचा वाचला. मग साहेबांनी हात पुसले आणि खाली लिहिलं : मी न तपासता शिक्का मारला. चूक तिनंच शोधली आणि कळल्यावर पहिल्या सकाळी मला सांगितली. त्यांची सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची अंगठी कागदावर घासत गेली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. निघताना त्यांनी आम्हाला बरणीभर कोबी दिला. “सहा आठवडे उघडू नका,” म्हणाले. “तुमच्या अर्जाला त्याहून जास्त लागतील.”

नऊ लागले. मध्ये एकदा मंडळातून ट्विलाला फोन आला. त्यांनी विचारलं, “आता आकडा कसा वाचता?” ती म्हणाली, “ओळीखाली पट्टी ठेवून, मोठ्यानं. आणि मग तो दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेते.” पलीकडचा माणूस नुसता “हं” म्हणाला. साहेबांना ताकीद देणारं पत्र आलं. ते त्यांनी कोबीच्या पिंपावरच्या भिंतीला चिकटवलं. आणि ट्विलाला परवाना आला.

त्या रविवारी पास्टर ग्रोस असे गायले, की छपराच्या लाकडालाही सूर लागला. साक्षीची वेळ झाली. ट्विला उठली. माझा हात सवयीनं तिच्या फ्रॉककडे निघाला होता. तो मी मांडीखाली दाबला.

“मी...” ती म्हणाली आणि अडखळली. चर्चभर माना तिच्याकडे वळल्या. ती सात वर्षांची असल्यापासून या बाकावरून असा सुटा ‘मी’ कुणी ऐकला नव्हता.

मागून आमच्याच मंडळीतल्या सिस्टर लव्हिनियांचा खणखणीत आवाज आला. “हो, तूच! बोल, पोरी!”

“मी चुकले होते,” ट्विला म्हणाली.

“बोल!” आम्ही सगळे म्हणालो.

“आणि मी ते सांगितलं.”

“आमेन!” आम्ही सगळे म्हणालो. त्यात माझा आवाज कुठला, ते मलाही वेगळं काढता आलं नाही.