जागा दिली म्हणून

नारीन शहरातून डोंगराकडच्या गावांना जाणारी मिनीबस नेहमीसारखीच खच्चून भरली होती. नर्सिंग शिकणारी बेगिमाय सुट्टीसाठी घरी निघाली होती. वाटेत एक म्हातारी आपल्या लग्नाच्या वयाच्या नातवाला घेऊन चढली, तशी बेगिमाय उठून उभी राहिली. आमच्याकडे मोठ्यांना जागा देणं मुलींना शिकवावं लागत नाही, ते अंगात मुरलेलंच असतं.

म्हातारी खूश झाली. "कुणाची गं तू? उतरणार कुठं? लग्नबिग्न ठरलंय का?"

"शिकतेय अजून, आजी."

"शिकून काय करणार? शेवटी चहाच उकळायचाय ना?"

नातू हसला. बेगिमायला ते हसणं आवडलं नाही, पण म्हातारीला उलट उत्तर कसं द्यायचं? तिनं गावाचं नाव सांगितलं, आईचंही सांगितलं.

"पोरी, माझी पिशवी खाली घसरली बघ. देतेस का काढून?"

ती वाकली. तेवढ्यात म्हातारीनं तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल टाकला आणि गाठसुद्धा मारली. असा रुमाल सासरची थोरली बाई नव्या सुनेला बांधते. एकदा बांधला की लग्न झाल्यातच जमा. तिचा हात गाठीकडे गेला.

"काढलास तर या म्हातारीचा तळतळाट लागेल," म्हातारी शांतपणे म्हणाली.

बेगिमाय क्षणभर घाबरली, आणि तेवढ्यात नातवानं तिचं मनगट धरलं.

"काका, गाडी थांबवा ना. मी यांना ओळखतसुद्धा नाही."

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. त्याला रुमाल दिसला. त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

"रडू दे. सगळ्याच रडतात," मागून कुणीतरी म्हणालं.

शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मीपण रडले होते गं. आता नातवंडं खेळवते." सांगता सांगता तिचे डोळे भरून आले, पण मनगट सोडवायला ती पुढे झाली नाही.

बेगिमायच्या गावात एकाला उतरायचं होतं म्हणून गाडी थांबली. लेकीला घ्यायला आई आली होती. दार उघडताच बेगिमाय ओरडली, "आई, मी फक्त पिशवी उचलली. सोड ना ही गाठ."

आई दारापाशी धावली. तिला रुमाल दिसला, पोरीला धरून बसलेला तो मुलगा दिसला. थांब्यावरचे शेजारीपाजारी माना उंचावून बघत होते. वीस-बावीस वर्षांपूर्वी तीही अशीच रडत या गावात आली होती. तिनं हात पुढे केला आणि लेकीच्या कपाळावर घसरलेला रुमाल नीट केला.

"सासरी उलट बोलू नकोस, बाळा," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रडू लागली.

गाडी सुटली. कुणीतरी म्हातारीचं अभिनंदन केलं. अशी पोरगी पळवणं हा गुन्हा आहे, हे तिथं न कळणारं कुणीच नव्हतं. सगळी आपली साधी, भली माणसं होती. बेगिमायनं मग कुणालाच हाक मारली नाही. आईनंच पाठ फिरवल्यावर हाक मारायची तरी कुणाला?