पाच बदामांची तवी

मी बोलतेय. इकडे तिकडे काय बघता, वर बघा. कॉफीच्या यंत्राच्या डाव्या अंगाला, भिंतीवर, खिळ्याला. दांड्यात कागदी फुलं खोचलीत ना, तीच मी.

मी वॅफलची तवी. खरं म्हणजे दोन तव्या, बिजागरीनं समोरासमोर जोडलेल्या, लांब दांड्याच्या, अस्सल बिडाच्या. मध्ये पीठ ओतायचं, मला मिटायचं, एकदा उलटायचं. माझ्या आत पत्त्यांतल्यासारखे पाच बदाम कोरलेत, पाचांची टोकं मध्यभागी जुळलेली. त्यातल्या एका बदामाच्या काठाचा टवका उडालाय. का ते पुढे सांगते.

आज पंचवीस मार्च. देवदूतानं मरियमला निरोप दिला तो दिवस, आणि आमच्या स्वीडनमध्ये वॅफलचा सण. आज घराघरात वॅफल, शाळेत वॅफल, म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात वॅफल. आणि मी, वॅफलची तवी, आजच्या दिवशी खिळ्याला! फुलं खोचून! मेल्यावर खोचतात तशी!

खाली काउंटरवर विजेचं यंत्र टूं टूं करतंय. ते वाजलं की पेडेर झाकण उघडतो. पेडेर म्हणजे या कॅफेचा मालक. माणूस वाईट नाही, फक्त त्याला कान नाहीत. वॅफल झाला की नाही हे ऐकायचं असतं. काठावरून वाफ सूं करत निघत असते. ती थांबली की उघडायचं. त्याआधी डोकावलात तर वॅफलचे दोन फाटके थर, एक वरच्या तवीला, एक खालच्या. आमच्या घरची तोरबोर्ग सहा वर्षांची असताना तिला हे कळत होतं. चाळिशीच्या या बाप्याला टूं टूं लागतं.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात लाल रस ओतला आणि मी झाले. तिथून आगगाडीनं आणि मग घसरगाडीवरून इकडे उत्तरेला, तळ्याकाठच्या गावात आले, एडलाच्या लग्नाचा अहेर म्हणून. एडलानं मला डुकराच्या चरबीनं माखलं, चुलीवर धुरावेपर्यंत तापवलं, पुसलं, पुन्हा माखलं. असं आठवडाभर. शेवटी माझं अंग काळं कुळकुळीत झालं, तळ्यावरच्या नव्या बर्फासारखं गुळगुळीत. मग तिनं घरात जाहीर केलं, "हिला पाणी दाखवायचं नाही. साबण तर नावच काढायचं नाही."

ते ऐकून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

वॅफल म्हणजे आजकाल दुपारच्या कॉफीबरोबरचा लाड. आमच्या घरी तसं नव्हतं. एडलाचा नवरा घोडा घेऊन जंगलात ओंडके ओढायला जायचा. त्याला पहाटे पोटभर लागायचं. लोखंडी चुलीच्या तोंडावरची कडी काढून मला थेट जाळावर बसवायचे. पीठ, पाणी, वितळलेलं लोणी, वरची जाड साय. अंडं नाही, साखर नाही. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. सोबत खारवलेल्या डुकराच्या परतलेल्या फोडी. सणाच्या दिवशी तेवढा दलदलीतल्या नारिंगी बेरींचा मुरंबा आणि फेटलेली साय. पहिला वॅफल माझा. तो माझी जुनी चरबी पिऊन काळपट व्हायचा, कोंबड्यांना जायचा.

टवका उडवला तो एडलाच्या लेकीनं, तोरबोर्गनं. हौसेनं उचलून न्यायला गेली आणि मला दगडी पायरीवर आपटलं. आईनं एक धपाटा घातला. पण पुढच्या सकाळी गंमत झाली. टवक्यातून पीठ निसटलं आणि त्या बदामाला एक कुरकुरीत शेपूट फुटलं. तेव्हापासून घरात नियम झाला की शेपटीवाला बदाम ज्याच्या वाट्याला, त्याला त्या दिवशी भांडी घासणं माफ. त्या शेपटीवरून या घरात जी भांडणं झालीत! पुढे तोरबोर्गच्या मुलींनी, गुन्वोर आणि इल्वानं, एकमेकींच्या वेण्या ओढल्यात.

मला ते फार आवडायचं. मोठ्या झाल्या आणि त्यांचं भांडणं बंद झालं, तिथेच घोटाळा झाला.

आता या लोकांची एक खोड सांगते, नव्वद वर्षं बघून जीव विटलाय. ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. सगळ्यांना हवा असतो, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, पण घेणं म्हणजे हावरटपणा. मग एकजण त्याचा अर्धा कापतो. दुसरा त्या अर्ध्याचा अर्धा. शेवटी नखाएवढा कपटा उरतो, वाळतो, आणि सगळे सभ्यपणे घरी जातात. अरे, त्या वॅफलसाठी मी निखाऱ्यावर भाजून घेतलं ना? तुम्हाला लाजायला काय झालं?

माझंही अगदी तसंच झालं.

तीन वर्षांपूर्वी तोरबोर्गनं घर आवरायला काढलं. आमच्याकडे शहाणी माणसं मरायच्या आधी आपला पसारा आपणच मोडतात, मागच्यांना त्रास नको म्हणून. चुलीचं घर सोडून ती म्हाताऱ्यांच्या वसतिगृहातल्या दोन खोल्यांत जाणार होती. तिनं मुलींना रंगीत चिठ्ठ्या दिल्या. गुन्वोरला पिवळ्या, इल्वाला निळ्या. "जे हवं त्यावर चिकटवा. आत्ता बोला, नंतर कुरकुर नको."

माझ्यासमोर दोघी किती वेळ उभ्या होत्या!

"तू घे ना गं," गुन्वोर म्हणाली.

"छे, तू मोठी. तुझ्याकडे चूलही आहे."

"चुलीचं काय एवढं? तुझी पोरं वॅफलवर तुटून पडतात."

"नको गं, खरंच. तूच घे."

"नाही हं, मला काही नको."

आणि दोघी गेल्या. माझ्यावर ना पिवळी चिठ्ठी, ना निळी. मोडक्या घड्याळाला चिठ्ठी होती! इस्त्रीच्या टेबलाला होती!

संध्याकाळी तोरबोर्ग आली. तिनं मला हातात घेऊन मागून पुढून पाहिलं. तिचं तोंड एवढंसं झालं. पण मुलींना फोन करून विचारेल तर ती तोरबोर्ग कसली! ताठा आईकडून आलेला. तिनं मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि गावच्या जुन्या बाजाराच्या खोक्यात नेऊन ठेवलं. तिथून पेडेरनं आणलं. आणि आणल्या आणल्या त्यानं मला काय केलं? भांडी धुण्याच्या यंत्रात घातलं. साबणाची वडी टाकून. दोनदा. नव्वद वर्षांचा थर, एडलाचा आठवडा, तोरबोर्गचं आयुष्य, सगळं मोरीत वाहून गेलं. मग मी गंजले. तर हा म्हणतो, "वा, किती जुनं दिसतं!"

थांबा. दार उघडलं. काठी टेकत कोण येतंय ते बघा.

तोरबोर्ग. सत्त्याऐंशी वर्षांची. मागे गुन्वोर, तिच्या मागे इल्वा. सणाला आईला वॅफल खायला आणलंय. बसल्या बरोब्बर माझ्यासमोर. पेडेरनं ताटली आणली. मऊ लिबलिबीत वॅफल, डबीतून फुसकन काढलेली साय. तिघी खातायत. आता ताटलीत एकच उरलाय. गुन्वोर त्याच्याकडे बघतेय. इल्वा खिडकीबाहेर बघतेय, म्हणजे तीही त्याच्याकडेच बघतेय. गुन्वोरनं सुरी उचलली. कापणार अर्धा. कापला.

आणि इल्वाची मान वर झाली.

"आई, ती बघ. आपल्या तवीसारखी."

"सारखी नाही," तोरबोर्ग वर न बघताच म्हणाली. "तीच आहे. मी आल्या आल्या टवका पाहिला. तुम्हाला नको होती, म्हणून बाजारात दिली."

"नको होती?" इल्वाचा आवाज चढला. "मला हवी होती! मी गुन्वोरसाठी सोडली!"

"माझ्यासाठी? अगं, मी तुझ्यासाठी सोडली! घरी जाऊन रडले मी!"

तोरबोर्गनं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "इतकी सभ्य माणसं मी फक्त चर्चमागच्या थडग्यांत पाहिलीत," ती म्हणाली. "तोंडं दिलीत ना तुम्हाला? मी दिलीत!"

मग तिनं काय केलं? ताटलीतले दोन्ही अर्धे उचलले, एकावर एक ठेवले आणि सगळ्या कॅफेदेखत एकटीनं खाल्ले. शेजारच्या टेबलावर कप खाली ठेवायचं कुणाला सुचेना. पेडेरच्या यंत्रानं तेवढं टूं केलं.

"पेडेर, ती खाली काढ."

"तोरबोर्ग, ती शोभेची आहे गं," पेडेर म्हणाला. आमच्याकडे लहानथोर सगळे अरेतुरेच. "काही कामाची नाही, गंजलीय. मी चांगली साबणानं धुतलीसुद्धा..."

"साबणानं," तोरबोर्ग म्हणाली.

एवढंच. पण पेडेर स्टूल आणायला पळाला. "घेऊन जा, घेऊन जा," म्हणतच त्यानं मला काढलं. फुलं जमिनीवर पडली. पडू देत.

आता मी टेबलावर आहे, तिघींच्या मध्ये. तोरबोर्गचं बोट माझ्या टवक्यावर फिरतंय. गंज तिच्या बोटाला लागलाय.

"मग?" ती म्हणते. "कोण नेणार?"

"इल्वा नेऊ दे," गुन्वोर म्हणते.

"नाही नाही, गुन्वोर..."

अगं बायांनो! पुन्हा तेच? मी बिडाची आहे म्हणून, नाहीतर आत्ता किंचाळले असते. मला पुन्हा बाजार नको. मला जाळ हवाय, चरबी हवीये. वाफ केव्हाच थांबलीय गं, उघडा आता तोंड!

"मला हवी," इल्वा म्हणते. चेहरा लालभडक.

गुन्वोरचा हात माझ्या दांड्यावर. "मलाही हवीये."

"मी आधी म्हटलं!"

"मी मोठी! आणि चूल माझ्याकडे आहे, तूच म्हणालीस!"

"वेणी ओढीन हं!"

"साठीची झालीस, वेणी कुठाय?"

भांडा, माझ्या बायांनो, भांडा. नव्वद वर्षांत इतकं गोड काही ऐकलं नाही. तोरबोर्ग पेडेरकडे डुकराची चरबी मागतेय, आणि पेडेर बिचारा शोधतोय. गुन्वोरच्या चुलीवर आज पहिला वॅफल चिकटेल, दुसराही चिकटेल. चिकटू दे. आठवडाभर माखा, तापवा, मी पुन्हा काळी कुळकुळीत होईन. शेपूट तर आजच फुटेल, त्याला काय लागतं?

आणि तुम्ही, जे शेजारच्या टेबलावरून कान देऊन ऐकताय, तुमच्या ताटलीत एक उरलाय, मला दिसतंय. हवाय ना? मग उचला. आणि घरी जाऊन बिडाच्या भांड्याला साबण लावलात, तर गाठ माझ्याशी आहे.